पेगन मेळाव्यासाठी कॉमिक स्ट्रिप काढताना: अर्जापासून छपाईपर्यंत

ऑगस्टच्या पहिल्या वीकेंडला, लूनासाच्या (सुगीच्या) सणाला धरून, आमचा पेगन मेळावा झाला आणि त्यात मी काढलेल्या आठ स्ट्रिप्सची छोटी पुस्तिका सगळ्यांना वाटली. काम जानेवारीच्या शेवटी सुरू झालं आणि जुलै संपता संपता हातावेगळं झालं. कॉमिक कसं काढायचं यावर ढीगभर माहिती मिळते, पण जिथे सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही, आणि बरेच जण आपण पेगन आहोत हे ऑफिसात किंवा घरीही सांगत नाहीत, अशा लोकांसाठी कॉमिक काढायचं तर कुणाला काय विचारायचं, यावर मला काहीच सापडलं नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवतेय.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवतांना, निसर्गाला मानणारे लोक, आणि आजचे पेगन म्हणजे एकच पंथ नाही. विक्का ही विचक्राफ्ट आणि निसर्गपूजा मानणारी परंपरा आहे, जी 1951 साली ब्रिटनमधला 1735 चा जुना विचक्राफ्ट (चेटूक) कायदा रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे उघडपणे लोकांसमोर आली. प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड आहेत. नॉर्स देवतांना मानणारे हीदन आहेत, आइसलंडमध्ये त्यांची संघटना 1972 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. ग्रीक देवतांची पूजा करणारे हेलेनिक आहेत, आणि कुठल्याच गटात नसलेले, एकटेच सगळं करणारेही खूप आहेत. मेळाव्यात हे सगळे एकाच शेकोटीभोवती बसतात. मग चित्रातलं एक छोटं चिन्हसुद्धा एकाला पवित्र आणि दुसऱ्याला खटकणारं असू शकतं, हे डोक्यात ठेवूनच कागदाला हात लावावा लागतो.

जानेवारीअखेरीस आयोजन समितीने विचारलं की कार्यक्रमपत्रिकेसोबत काहीतरी चित्रांचं देता येईल का, कारण पहिल्यांदा येणारे लोक नियमांचं पत्रक वाचतच नाहीत. मी हो म्हटलं. मग फॉर्म आला आणि तो अपेक्षेपेक्षा मोठा निघाला: विषय काय, पानं किती, वाचक कोण, लहान मुलांच्या हातात पडलं तर चालेल का, कुठल्याही विधीचे शब्द किंवा कृती दाखवणार आहात का, खऱ्या व्यक्तींवर आधारित आहे का, खर्च किती, शेवटचा मसुदा कधी देणार. 9 फेब्रुवारीला मी तो भरून दिला आणि उत्तर आलं मार्चच्या मध्यावर, कारण समिती महिन्यातून एकदाच बसते आणि सगळे नोकऱ्या सांभाळून फुकट काम करणारे. या वाट बघण्याने जीव कासावीस होतो, सतत वाटतं की विषय आवडला नाही वाटतं. तसं काही नसतं, फक्त मीटिंग झालेली नसते. फॉर्म देतानाच पुढची मीटिंग कधी आहे ते विचारून ठेवा, म्हणजे रोज मेल उघडून बघावी लागत नाही.

त्या मधल्या काळात मी माहिती गोळा केली, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं आता वाटतं. मागच्या मेळाव्यात पहिल्यांदा आलेल्या लोकांना विचारत गेले की तुम्हाला कशाची भीती वाटली होती. विधीचं गूढ वगैरे कुणाच्या मनातच नव्हतं. लोकांना काळजी होती ती अशी: झगा नसेल तर चालतं का? सर्कल (विधीसाठी केलेलं वर्तुळ) सुरू असताना बाथरूमला जायचं झालं तर? मीडचं (मधाच्या दारूचं) शिंग फिरत हातात आलं आणि मी दारू पीत नसेन तर? दुसऱ्याच्या अल्टारवरची (पूजेच्या मांडणीवरची) वस्तू बघायला उचलली तर? फोटो? मुलं? दिशांना आवाहन करताना सगळे एकदम काहीतरी म्हणतात ते मला येत नसेल तर? आणि शेकोटीपाशी ड्रम वाजत असताना नाचायलाच लागतं का? हे आठ प्रश्न म्हणजेच माझ्या आठ स्ट्रिप्स झाल्या. आधी माझ्या डोक्यात वर्षचक्रातल्या आठ सणांवर एकेक स्ट्रिप करायचं होतं, तेही छान झालं असतं, पण सणांची माहिती लोकांना कुठेही मिळते, आणि सर्कलमधून मध्येच बाहेर कसं पडायचं हे विचारायला माणूस लाजतो.

(उत्तर द्यायचं तर: बहुतेक विक्कन पद्धतीच्या सर्कलमध्ये जवळच्या माणसाला हळूच खूण करायची, तो हवेत दार कापल्यासारखी कृती करून तुम्हाला बाहेर सोडतो आणि परत आल्यावर आत घेतो. आणि शिंग हातात आलं तर नुसतं उंचावून किंवा ओठांना लावल्यासारखं करून पुढे द्यायचं, जमिनीवर थोडं अर्पण केलं तरी चालतं. कुणीही रागावत नाही.)

पात्रं कुठली घ्यायची हा पहिला मोठा निर्णय. माणसं काढली की चेहरे आले, आणि छोट्या समुदायात प्रत्येक चेहऱ्यात कुणीतरी दिसतंच. लांब पांढरी दाढी काढली की दोन जण तरी विचारणार, हा मीच ना? ज्यांनी कामाच्या ठिकाणी काही सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी ही गंमत नसते, नोकरीचा, कधीकधी मुलांच्या ताब्याचा प्रश्न असतो. म्हणून मी प्राणी घेतले. पहिल्यांदा आलेला एक बुजरा ससा आणि वर्षानुवर्षं येणारा एक बेडूक. सशावर समितीत चर्चा झाली, कारण वसंतातल्या ओस्तारा सणाशी आणि एओस्त्रे देवीशी ससा जोडला जातो. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी फार छान समजावून सांगितलं की इ.स. 725 मध्ये बीड या इंग्लिश भिक्षूने एओस्त्रेचा उल्लेख केलाय खरा, पण त्यात ससा कुठेच नाही, तो संबंध एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी जोडला. मग ठरलं की आपला ससा हा नुसता ससा, त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट नाही, पायाशी रंगीत अंडी नाहीत.

देव काढायचे का, हा दुसरा प्रश्न. मला इथे विरोधाचीच अपेक्षा होती, पण उलटंच ऐकायला मिळालं. हेलेनिक गटातल्या एका ताईंनी सांगितलं की इ.स.पू. 405 मध्ये अथेन्सला डायोनायसस या मद्याच्या देवाच्याच उत्सवात रंगमंचावर त्या देवाला भित्रा दाखवून लोकांना हसवलं होतं आणि त्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. हीदन मंडळी म्हणाली, आमच्या जुन्या काव्यात थॉर हातोडा परत मिळवायला नवरीच्या वेशात जातो, आम्हाला विनोदाचं वावडं नाही. तरीही मी देव काढले नाहीत. काही जणांचं त्यांच्या देवतेशी फार खाजगी नातं असतं आणि पुस्तिका तर सरसकट प्रत्येकाच्या हातात जाणार होती. देवांवरचं कॉमिक ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी वेगळं काढता येईल. हे हातात आपोआप येणारं होतं, म्हणून मी हात आखडता घेतला आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

आता संमतीपत्रं. हा भाग सगळ्यात रुक्ष वाटेल पण प्लीज वाचा. लोकांनी सांगितलेले किस्से मी स्ट्रिप्समध्ये वापरणार होते, त्यामुळे प्रत्येकाकडून लेखी संमती घेतली. एका पानाचाच फॉर्म केला. किस्सा वापरू का, आभारात नाव द्यायचं का, द्यायचं तर खरं नाव की क्राफ्ट नाव (पेगन मंडळींत वापरायचं घेतलेलं नाव), पुस्तिका नंतर पीडीएफ म्हणून ऑनलाइन ठेवली तर चालेल का (याला वेगळा टिक बॉक्स, कारण छापील प्रतीला हो म्हणणारे बरेच जण ऑनलाइनला नाही म्हणतात), आणि संमती मागे घ्यायची शेवटची तारीख 31 मे. काहीही कारण न देता मागे घेता येईल असं ठळक लिहिलं. फॉर्म समितीतल्या एकाच माणसाकडे कुलुपात, माझ्याकडे फक्त कुठला किस्सा वापरता येईल याची यादी, त्यामुळे कुणाचं खरं नाव कुठलं क्राफ्ट नाव हे मलाही कळलं नाही, आणि मला ते कळायची गरजही नव्हती.

एप्रिलमध्ये स्क्रिप्ट. संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलं की वाचणारा कंटाळतो, हे कॉमिकवाले नेहमी सांगतात आणि ते खरंच आहे. आधी बेडकाचे संवाद लांबलचक होते, सगळे नियम तोच सांगत होता. मग तेच सशाच्या कृतीतून दाखवलं, म्हणजे फोटोच्या स्ट्रिपमध्ये ससा फोन काढतो, बाकीचे सगळे प्राणी पटापट पानांमागे लपतात, आणि शेवटच्या चौकटीत ससा फोन खिशात ठेवून कागदावर झाडाचं चित्र काढत बसलेला. संवाद फक्त एक, बेडकाचा: 'झाडाला विचारलंस ना?' सगळ्यात जास्त लोकांना आवडलेली स्ट्रिप हीच.

कच्ची स्केचेस झाली की ती चार वेगवेगळ्या परंपरांतल्या चार जणांना दाखवायची अशी समितीची अट होती, आणि ही अट नसेल तरी तुम्ही स्वतःहून पाळा. पेन्सिलच्या टप्प्यावरच दाखवा. शाई लागल्यावर बदल सांगायला लोकांना संकोच वाटतो, आणि आपल्यालाही ते जिवावर येतं. आलेल्या सूचना एकेक करून सांगते कारण यातल्या बऱ्याच तुम्हालाही लागतील.

पहिली सूचना रून्सची. सशाच्या पिशवीवर मी सजावट म्हणून काही रून (उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली) अक्षरं विचारात घेतली होती. हीदन वाचकाने सांगितलं की 24 अक्षरांच्या एल्डर फुथार्क या रून लिपीमधली काही अक्षरं, विशेषतः ओथाला, आणि सोविलो दोनदा शेजारी, नाझींनी वापरली होती आणि आजचे अतिउजवे गटही वापरतात, त्यामुळे संदर्भाशिवाय नुसती सजावट म्हणून नकोत. ते लोक आपल्या पवित्र अक्षरांची ही चोरी वर्षानुवर्षं सहन करताहेत आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज कातर झालेला मी ऐकलाय. पिशवी कोरी ठेवली.

दुसरी पांढऱ्या सेजच्या (एका सुगंधी झुडपाच्या) जुडीची. धुरी देण्याच्या चित्रात बहुतेक जण तीच काढतात, पण ती पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या काही समाजांची आहे, आणि मागणीमुळे त्या रानटी झाडाची बेसुमार तोड होते. त्याऐवजी ज्युनिपरची फांदी काढली, स्कॉटलंडमध्ये तिचा धूर करायची जुनी रीत आहे.

तिसरी गोष्ट इतिहासाची. एका स्ट्रिपमध्ये बेडूक जुन्या काळातल्या चेटकीण-खटल्यांचा उल्लेख करतो. पेगन लोकांत नव्वद लाख बायकांना जाळलं हा आकडा खूप फिरतो, पण इतिहासकारांचा अंदाज साधारण 40 ते 60 हजार लोकांना मृत्युदंड असा आहे, त्यात पुरुषही होते, आणि इंग्लंडमध्ये चेटूक केल्याबद्दल फाशी द्यायचे. अमेरिकेतल्या सेलममध्येही 1692 साली 19 जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं, जाळलं कुणालाच नाही. मेलेल्यांची संख्या कमी निघाली म्हणून दुःख कमी होत नाही. जे घडलं तेवढंच पुरेसं भयानक आहे, त्याला फुगवायची गरज नाही. शेवटी ती चौकट मी काढूनच टाकली, अशा विषयाला चार ओळींच्या विनोदात जागा नसावी असं मला वाटलं.

आणि दिशा! पूर्वेला हवा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी ही नेहमीची मांडणी, पण दक्षिण गोलार्धातले बरेच पेगन अग्नी उत्तरेला ठेवतात कारण त्यांचा सूर्य त्या बाजूने जातो, आणि त्यांचे सणही सहा महिन्यांनी उलटे असतात. हीदन विधीत तर या चार तत्त्वांची मांडणी बहुधा नसतेच. म्हणून दिशांच्या स्ट्रिपमध्ये ससा फक्त बाकीचे वळतात तिकडे वळतो, दिशेचं नाव कुठेच नाही. दीक्षाविधीतलं काहीही दाखवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. विक्काच्या काही परंपरांमध्ये ते शपथेने गुप्त असतं, आणि 'पुस्तकात छापून आलंय की' हे उत्तर तिथे चालत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकांनी आपला किस्सा मागे घेतला. अल्टारवरच्या वस्तूची स्ट्रिप त्यावरच उभी होती आणि ती मला मनापासून आवडली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण याच कारणासाठी तर तारीख ठेवली होती, आणि त्या माणसाला समितीकडून 'बरं, काढून टाकलं, काळजी नको' एवढंच उत्तर गेलं, का वगैरे विचारलं नाही. नवी स्ट्रिप मी कुणाच्याही किश्शाशिवाय लिहिली: सशाला एक सुंदर दगड दिसतो, तो हात पुढे करतो, थांबतो, हात मागे बांधतो आणि वाकून बघतो. दगड म्हणजे झोपलेला बेडूक निघतो. तुमच्या वेळापत्रकात संमती मागे घ्यायची तारीख आणि शाईकाम सुरू होण्याची तारीख यांच्यात किमान एक आठवडा तरी मोकळा ठेवा.

जूनमध्ये शाई. ए4 वर काढलं आणि ए5 ला छापलं, म्हणजे चित्र साधारण 71 टक्क्यांवर येतं, रेषा त्या हिशोबाने थोडी जाड ठेवायची. अक्षरं मी आधी बसवली आणि मग फुगे काढले, उलटं केलं की अक्षरं कोंबावी लागतात. अक्षराचा आकार नेहमीपेक्षा मोठा ठेवला कारण पुस्तिका लोक तंबूत, संध्याकाळी, टॉर्चच्या उजेडात वाचणार होते. रंग वापरलेच नाहीत, काळं-पांढरंच, त्याने खर्च खूपच खाली आला. फॉन्ट वापरणार असाल तर त्याचं लायसन्स नीट वाचा, 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' यात वाटण्याची पुस्तिका बसेलच असं नाही.

पैशांचं सांगायचं तर छपाई समितीने दिली, कागद, शाई, निब माझे, मानधन नव्हतं आणि ते मला आधीच माहीत होतं. मानधन हवं असेल तर फॉर्म भरतानाच लिहा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. एका पानाचा करार मात्र केला: चित्रांचा कॉपीराइट माझा, समितीला या वर्षीची पुस्तिका आणि मैदानातले फलक छापायची परवानगी, टी-शर्ट वगैरे करायचे तर परत विचारायचं. मैत्रीत कागद कशाला असं काहींना वाटलं, पण समिती दर वर्षी बदलते, आणि पुढच्या लोकांना तोंडी ठरलेलं कुठून कळणार.

छापखान्याला फाइल देताना चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कडा कापताना जाणारी जास्तीची जागा), रेषाचित्रं 600 डीपीआयवर स्कॅन केलेली, आणि पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत. माझ्या आठ स्ट्रिप्स अधिक मुखपृष्ठ, आभार, मदत कुणाकडे मागायची याचं पान आणि मलपृष्ठ, अशी बरोबर बारा झाली. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईतच आहेत ना हे तपासा, चार शाया मिसळून केलेला काळा बारीक अक्षरांत धूसर दिसतो. नमुना प्रत मागा आणि ती हातात येईपर्यंत पूर्ण छपाईला हो म्हणू नका. माझी नमुना प्रत यायला सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले, मेळावा जवळ येत होता, झोप उडाली होती. प्रत आली तर दोन पानांचा क्रम उलटा. छापखान्याने लगेच दुरुस्त केलं, पण नमुना मागितला नसता तर ते सगळ्या प्रतींत गेलं असतं.

मेळाव्यात पुस्तिका गेटवर नोंदणीच्या टेबलावर ठेवली होती, आणि चार स्ट्रिप्स मोठ्या करून शेकोटीकडे जाणाऱ्या वाटेवर लावल्या. फलक प्लास्टिकच्या पन्हळी शीटवर छापून घेतले, फोमबोर्ड पावसात फुगतं. झाडांना खिळे नाहीत, सुती पट्ट्यांनी बांधले, आणि व्हीलचेअरवरून वाचता येईल इतके खाली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक स्ट्रिपचं शब्दांतलं वर्णन मी आधीच लिहून दिलं होतं, ते एका स्वयंसेवकाने पहिल्या संध्याकाळी मोठ्याने वाचलं आणि ऐकायला दिसणारेही जमले. दुसऱ्या दिवशी मुख्य विधीत एक नवीन मुलगी माझ्या शेजारी उभी होती, शिंग तिच्याकडे आलं तेव्हा तिने ते शांतपणे उंचावलं, थोडं जमिनीवर ओतलं आणि पुढे दिलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मेळाव्यानंतरची कामं विसरू नका. उरलेल्या प्रती पुढच्या वर्षीसाठी कोरड्या जागी ठेवल्या. पीडीएफ टाकण्याआधी ऑनलाइनला हो म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा विचारलं, कारण मधल्या काळात लोकांची परिस्थिती बदलते, आणि एकीने नाही सांगितलं, तर तिची स्ट्रिप वगळून सात स्ट्रिप्सचीच फाइल केली. संमतीपत्रं किती दिवस ठेवायची ते फॉर्मवरच लिहिलेलं होतं, ती मुदत संपली की समिती ती श्रेडरमध्ये घालणार आहे. माझा कोरा फॉर्म आणि कराराचा नमुना कुणाला हवा असेल तर सांगा, त्यात तुमच्या तारखा आणि पानं भरली की झालं.